गावभागातल्या काकूंचे हलव्याचे दागिने : बालगृहातल्या बोरन्हाणासाठी घेतले, त्याचा अनुभव

यंदा रथसप्तमी रविवारी आली, २५ जानेवारीला. सांगलीतल्या एका बालगृहात लहानग्यांचं बोरन्हाण आणि सगळ्यांना तिळगूळ-गुळपोळी, असा बेत आम्ही मार्केट यार्डातली सहा-सात माणसं दरवर्षी करतो. मी हळदीच्या अडतीवर दिवाणजी आहे. नव्या हळदीचे सौदे जोरात सुरू झाले की मान वर करायला फुरसत नसते, म्हणून हा दिवस आधीच राखून ठेवतो.

मागच्या वर्षी दुसरीकडून तयार सेट आणले होते. सगळे एकाच मापाचे आणि हलवा पुठ्ठ्यावर गोंदानं चिकटवलेला. मुकुट पोरांच्या डोळ्यांवर घसरत होते. दीड वर्षाचं पोर हाताला लागेल ते तोंडात घालणारच, गोंद पोटात जायला नको म्हणून मावशींनी दहा मिनिटांत सगळे दागिने उतरवून ताटात ठेवले. ते ताट बघून मला फार वाईट वाटलं होतं.

म्हणून यंदा गावभागात घरीच हलवा करणाऱ्या काकूंकडे गेलो. दाराला पाटी नाही, विचारत जावं लागतं. आत शेगडीवर परात, विस्तव अगदी मंद. काकू तिळावर चमचाभर पाक सोडतात आणि हातानं दाणे हलवत राहतात. वाळलं की पुन्हा पाक. असं तीन-चार दिवस चालतं, तेव्हा काटा धरतो. बोटांची टोकं लालबुंद झालेली होती.

मी म्हणालो, "अकरा मुलं आहेत. नावं मात्र सांगता यायची नाहीत."

"नावं नकोत हो भाऊ, मापं आणा. मनगट, गळा, डोकं. आणि मुलगा का मुलगी तेवढं सांगा."

मी अधीक्षक मॅडमची परवानगी काढून गेलो आणि दोऱ्यानं मापं घेतली. प्रत्येक मुलाचे तीन दोरे एका पुडीत, पुडीवर नुसता आकडा. काकूंनी त्या अकरा पुड्यांवरून अकरा सेट केले. मुलग्यांना मुकुट, हार, बाजूबंद, बासरी. मुलींना मुकुट, हार, बिंदी, बांगड्या, कंबरपट्टा. गोंदाचा थेंब नाही, एकेक दाणा दोऱ्याच्या गाठीत पकडलेला. आठ महिन्यांच्या बाळाच्या मनगट्या तर अंगठीपेक्षा थोड्याच मोठ्या होत्या. काळ्या झबल्यावर तो पांढरा हलवा असा उठून दिसला की मावशी आपणहून आरशापुढे एकेकाला घेऊन गेल्या. देणगीचं आहे म्हणून कुठंही हात आखडलेला नाही. माझ्या नातवाला केले असते तसेच केले.

पेटीत दोन मुकुट जादा होते. विचारलं तर म्हणाल्या, "असू द्या, लागतात."

लागले. चुरमुरे, बोरं, उसाचे करवे, हरभऱ्याचे घाटे, रेवड्या एकत्र करून मापट्यानं डोक्यावरून ओतत होतो (अगदी तान्ह्यांवर फक्त चुरमुरे, घशात अडकायला नको). मोठी मुलं खाली पडलेलं वेचत होती. त्यांतला नऊएक वर्षांचा एकजण वेचायचा थांबला आणि मावशींना विचारू लागला, "माझं बोरन्हाण झालं होतं का?" तो पावसाळ्यात इथं आलेला. त्याच्या फायलीत असलं काही लिहिलेलं नसणार, आणि सांगणारं घरचं कुणी नाही. मावशींनी उत्तर न देता त्याला पाटावर बसवलं, ओवाळलं आणि जादाचा मुकुट बांधला. दोरी मागे सैल सोडलेली होती, बरोबर बसला. त्यानं डोळे घट्ट मिटून घेतले होते. दुसरा मुकुट त्याच्या मागोमाग आलेल्या मुलीला गेला.

हिशेब असा : अकरा सेट, प्रत्येकी ३५० रुपये, म्हणजे ३,८५०. गुळपोळ्या ८०, पंचवीसप्रमाणे २,०००. तिळाच्या वड्या ४ किलो, १,९२०. एकूण ७,७७०. जादाच्या मुकुटांचे पैसे त्यांनी घेतले नाहीत.

गुळपोळी खरोखर उत्तम. गूळ कडेपर्यंत पसरलेला, जायफळ बेताचं, आणि तीन दिवसांनी अडतीवर खाल्ली तरी तशीच खुसखुशीत. वड्यांबद्दल मात्र तक्रार आहे. चारपैकी एका डब्यातल्या इतक्या कडक होत्या की लहान मुलांना चावेनात, बत्त्यानं फोडून द्याव्या लागल्या. काकूंना सांगितलं, तेव्हा चिक्कीच्या गुळाचा पाक पुढे गेला हे त्यांनी लगेच कबूल केलं. मुलांसाठी नेणार असाल तर साध्या गुळाचे मऊ लाडू सांगा. शिवाय माल शनिवारी संध्याकाळी मिळणार होता, तो रविवारी सकाळी आठला मिळाला. कार्यक्रम दहाला होता, जीव टांगणीला लागला. पाचपैकी साडेचार देतो, अर्धा या दोन गोष्टींचा कापला.

फोटो टाकलेले नाहीत आणि टाकणारही नाही. बाल न्याय कायद्याच्या (२०१५) कलम ७४ प्रमाणे अशा मुलांची ओळख उघड करता येत नाही. तुम्ही कुठं असा कार्यक्रम करणार असाल तर मोबाइल खिशातच ठेवा.

ऑर्डर डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात द्या. संक्रांत जवळ आली की नव्या नवरीचे आणि जावयाचे सेट सुरू होतात, मग काकू नवीन काम घेत नाहीत. दोऱ्याची मापं मात्र जानेवारीतच न्या. मी डिसेंबरात घेतलेल्यांपैकी दोन मनगटं तेवढ्यात भरली होती, त्या बांगड्या काकूंना पुन्हा ओवाव्या लागल्या.