मांडवी एक्सप्रेस, मडगाव ते रत्नागिरी: कटलेट उत्तम, पण मी पॉइंट बघत होतो

जेवण कसं होतं, संडास स्वच्छ होता का, गाडी वेळेवर पोचली का. लेकीने मोबाइलवर रिव्ह्यूचा हा तक्ता उघडून माझ्यापुढे धरला आणि म्हणाली, "बाबा, गाडीत पाच तास माझं डोकं खाल्लंत, आता तेच इथे लिहा." म्हणून लिहितोय.

आधी ओळख देतो. राहायला कुडचड्याला. रेल्वेत एकतीस वर्षं सिग्नल मेंटेनर होतो. कोकण रेल्वेत नव्हे, दुसरीकडे. कुठे ते सांगणार नाही, कारण पुढे एक गोष्ट कबूल करायची आहे.

रत्नागिरीला भाच्याच्या घरी पूजा होती. मी, लेक आणि सात वर्षांचा नातू. श्रावण चालू होता, म्हणजे पावसाळी वेळापत्रक, गाडी आधीच संथ. मांडवीच्या खाण्याबद्दल लोक लिहीतच असतात, ते खोटं नाही. कटलेट गरम होतं, कांदाभजी तळून आणल्या आणल्या आमच्या हातात आली. श्रावण माझा, नातवाचा नाही, त्यामुळे त्याने ऑम्लेट-पाव खाल्ला आणि वर दुसरा मागितला. डबा स्वच्छ. चहा मात्र आम्ही घरचाच नेला होता, स्टीलच्या जुन्या थर्मासमधून. त्या थर्मासचं नंतर सांगतो.

नातवाने खिडकीत बसून जुवारीचा पूल बघितला, मी बघत होतो झेंडे. आमची गाडी न थांबता एखादं लहान स्टेशन ओलांडते तेव्हा फलाटावर एक माणूस हिरवा झेंडा धरून उभा असतो. पुष्कळ लोकांना वाटतं, तो शोभेला आहे. तो गाडीची चाकं बघत असतो. कुठे धूर येतोय का, काही लोंबतंय का, दार निखळलंय का. आमच्या बाजूचे झेंडे मी मोजले. एकही माणूस खुर्चीत बसून झेंडा हलवत नव्हता. पावसात टोपी ओली करून उभे होते. एक तारा तिथेच दिला.

सावंतवाडी मागे पडल्यावर एका लहान स्टेशनात गाडी बाजूच्या रुळावर, म्हणजे लूपला घेतली आणि उभी राहिली. कोकण रेल्वे अजून बरीचशी एकेरी मार्गाची. समोरून गाडी यायची तर एकीने बाजूला व्हायचं, याला क्रॉसिंग पडणं म्हणतात. दहा मिनिटं झाली, वीस झाली. समोरच्या बाकावरचे एक गृहस्थ चिडले. "काय पण रेल्वे! काही कारण आहे का थांबायला?"

कारण माझ्या खिडकीतून दिसत होतं. आमचा डबा शेवटून दुसरा, त्यामुळे मागचा पॉइंट, म्हणजे रूळ जिथे दुसऱ्या रुळाकडे वळतो ती जागा, जवळजवळ पायाशी. रेनकोट घातलेला एक पोरगा पॉइंटच्या मोटरपाशी उकिडवा बसला होता. हातात बोटभर रुंदीची लोखंडी पट्टी. मला बघायचीही गरज नव्हती, तिची जाडी पाच मिलिमीटर. रुळाची सरकती पाती आणि मुख्य रूळ यांच्यामध्ये, पातीच्या टोकापासून दीडशे मिलिमीटरवर ती धरायची आणि मोटर फिरवायला सांगायची. पाती येते, पट्टीला अडते, मोटर नुसती घरघरते. कुलूप लागता कामा नये आणि सिग्नल मिळता कामा नये. पट्टी असताना लॉक बसला, तर तो पॉइंट खोटं बोलतोय.

पोराने एकदा केलं, पुन्हा केलं. मग पट्टी काढली, पाती खटकन बसली. त्याने गुडघ्यावर वही ठेवून, वर रेनकोटचा पदर धरून कागद लिहिला आणि पॉइंट्समनच्या हातात दिला. तो कागद म्हणजे मेमो. काम सुरू करण्याआधी डिस्कनेक्शनचा मेमो: या पॉइंटवर आता भरवसा ठेवू नका. काम संपून तपासणी झाली की रीकनेक्शनचा. मधल्या वेळात स्टेशन मास्तर सिग्नल देत नाही. पाच मिनिटांनी समोरची गाडी मेन लाइनने धडधडत गेली. मी नातवाला म्हटलं, बघ, त्या दादाने आत्ता दोन गाड्या थांबवल्या होत्या. त्याला ते फार आवडलं.

हाच कागद २ जून २०२३ ला ओडिशात बहानगा बाजारला नीट वापरला गेला असता, तर कोरोमंडल एक्सप्रेस सरळ निघून गेली असती. ड्रायव्हरला हिरवा सिग्नल होता, मेन लाइनचा. पॉइंट मात्र लूपला लागलेला. लूपवर लोहखनिज भरलेली मालगाडी उभी. ताशी १२८ किलोमीटरच्या वेगाने गाडी आत शिरली आणि तिचे डबे शेजारून जाणाऱ्या बंगळुरू-हावडा गाडीच्या शेवटच्या डब्यांवर गेले. २९० हून जास्त माणसं गेली. त्या दिवशी जवळच्या फाटकाचा विजेचा अडसर बदलायचं काम चाललं होतं आणि पेटीतल्या तारा चुकीच्या जोडल्या गेल्या. पॉइंट वळणाला होता, यंत्रणेला कळत होतं की सरळ आहे.

पुढे सिग्नल खात्याचे तिघे अटकेत गेले. वर्तमानपत्रांत 'मानवी चूक' छापून आलं. माझ्या खात्यातली माणसं, माझ्यासारखीच. त्यांची बाजू मी घेत नाही. तपासल्याशिवाय पॉइंट परत देणं हा गुन्हाच आहे. पण रेल्वे सुरक्षा आयुक्तांचा अहवाल आला, त्यातल्या बाकीच्या गोष्टी कोणी मोठ्याने वाचल्या नाहीत. तारांवरच्या चिठ्ठ्या कित्येक वर्षं चुकीच्या होत्या. २०१८ मध्ये सर्किट बदललं तेव्हाची ती घाण. फाटकाच्या कामासाठी त्या स्टेशनचा मंजूर नकाशाच दिला गेला नव्हता. त्याच विभागात बांकडा नयाबाजला १६ मे २०२२ ला चुकीच्या तारांमुळे असाच प्रकार घडला होता, तेव्हा धडा घेतला असता तर हे टळलं असतं, असं अहवालातच म्हटलंय. पॉइंट मधूनमधून विचित्र वागतोय, हेही पुढे कळवलं गेलं नव्हतं. आता मला सांगा, अंधारात चुकीच्या चिठ्ठीची तार धरणारा माणूस चुकला, तर नकाशा न देणाऱ्याच्या चुकीला काय म्हणायचं? तोही मानवच की.

आणि आमच्या वास्को-कुळे लाइनचा जो झोन आहे, दक्षिण पश्चिम रेल्वे, तिथे ८ फेब्रुवारी २०२३ ला होसदुर्ग रोड स्टेशनात संपर्क क्रांती एक्सप्रेस चुकीच्या मार्गावर जाता जाता राहिली. लोको पायलटने पॉइंट डोळ्यांनी बघितला आणि ब्रेक लावला. झोनच्या बड्या अधिकाऱ्याने दुसऱ्याच दिवशी पत्र लिहिलं की सिग्नलच्या देखभालीत गंभीर दोष आहेत, सुधारलं नाही तर मोठे अपघात होतील. बहानगाच्या चार महिने आधीचं पत्र. पत्र होतं, तारीख होती, सही होती.

आता माझं. नाव, गाव, साल काही विचारू नका. अशीच पावसाची रात्र, एका पॉइंटचं डिटेक्शन मिळेना, म्हणजे पाती कुठे बसलीय हे स्टेशनातल्या पॅनलला कळेना. सिग्नल लाल. मागे मेल उभी. मी मेमो लिहायला घेतला तर वरून फोन: "मेमो देऊ नकोस. मेमो दिलास की डिटेन्शन आपल्या नावावर चढतं. दहा मिनिटांत काय ते कर." डिटेन्शन म्हणजे गाडीचा खोळंबा. काय ते करणं म्हणजे काय हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. मी टॉर्च घेऊन पॉइंटपाशी गेलो, पातीला लाथ मारून बघितली, घट्ट होती. लोकेशन बॉक्स, म्हणजे रुळाकडेची तारांची पेटी, उघडला. वीतभर वायर दातांनी सोलली आणि दोन टर्मिनलमध्ये तिचा जम्पर लावला, म्हणजे पाती बसल्याचं यंत्रणेला खोटंच भासवलं. सिग्नल हिरवा झाला. मेल माझ्या अंगावरून गेली. दिवे विझवलेले डबे, एका खिडकीत कोणीतरी बाळाला थोपटत बसलेलं. डबे मोजायची मला सवय, त्या रात्री मोजता आले नाहीत.

काही झालं नाही. सकाळी मी जम्पर काढला, बिघाड शोधला. फोनवरचं बोलणं कुठे लिहिलेलं नव्हतं, उद्या काही झालं असतं तर वायर माझी आणि दातांचे वळ माझे. महिनाअखेरीला आमच्या सेक्शनचं डिटेन्शन शून्य आलं आणि मला शाबासकी म्हणून स्टीलचा थर्मास मिळाला. तो हाच.

लेकीला हे मी पहिल्यांदाच सांगितलं, कणकवली आणि वैभववाडीच्या मध्ये. ती काही बोलली नाही. नातू झोपला होता.

वैभववाडीजवळ गाडी आणखी हळू झाली. इथेच २२ जून २००३ ला कारवारहून मुंबईला निघालेली सुट्टीची खास गाडी दरडीवर आदळून घसरली, पन्नासहून जास्त माणसं गेली. पुढच्याच वर्षी १६ जूनला करंजाडीजवळ मत्स्यगंधा एक्सप्रेस. त्यानंतर कोकण रेल्वेने डोंगरउतार कापले, जाळ्या मारल्या, पावसाळ्यात वेग कमी केला, रात्रंदिवस गस्त ठेवली. समोरच्या गृहस्थांना मी हे सांगितलं. ते म्हणाले, "ते ठीक हो, पण आता तर कवच येतंय ना?" कवच म्हणजे गाडीला आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा, ती चांगलीच आहे. पण ते लाल सिग्नल ओलांडू देत नाही, बहानगाला सिग्नल हिरवा होता. हिरव्याला कोण अडवणार?

ते गृहस्थ काही पटलेले दिसले नाहीत. मग त्यांनी १७ जून २०२४ ला बंगालमध्ये कांचनजंगा एक्सप्रेसला मागून मालगाडी धडकली, त्याचं काढलं. "तिथे तर मालगाडीच्या ड्रायव्हरनेच सिग्नल तोडला." अपघात सकाळी झाला, त्याच दिवशी हे वरून सांगून झालं होतं. तो ड्रायव्हर तर अपघातातच गेलेला. मेलेल्या माणसावर ठपका ठेवणं सोपं, त्याचं उत्तर येत नाही. महिनाभरात आयुक्तांचा अहवाल आला: पहाटेपासून स्वयंचलित सिग्नल बंद, लाल सिग्नल ओलांडायची परवानगी लेखी दिलेली, पण त्या कागदावर वेग लिहिलेला नाही आणि बंद सिग्नलमध्ये कसं चालवायचं याबद्दल ज्याची त्याची समजूत वेगळी. हा अपघात घडायची वाटच बघत होता, असा त्याचा अर्थ. दहा जण गेले.

रत्नागिरीला उतरलो तेव्हा गाडी पाऊण तास उशिरा होती. तक्त्यात 'वेळेवर पोचली का' याला मी 'नाही' लिहिलं आणि त्याचेही गुण दिले. लेक म्हणते, असं चालत नाही, उशीर म्हणजे तारा कमी. मी म्हटलं, माझ्या रिव्ह्यूत चालतं. त्या पोराला कोणी फोन करून "दहा मिनिटांत काय ते कर" म्हटलं नसावं, निदान त्या दिवशी तरी. वीस मिनिटं तो पट्टी घालून बसला होता आणि दोन गाड्या त्याच्यासाठी थांबल्या होत्या.

पाचपैकी चार. पाचवा मी कुठल्याच गाडीला देत नाही, कारण रात्रीचे पॉइंट मला खिडकीतून दिसत नाहीत. कटलेट मात्र जरूर खा, मडगावहून निघाल्यावर तासाभरात, तेव्हा गरम मिळतं.

थर्मास भाच्याच्या घरी राहिला. तो पाठवतो म्हणाला, मी नको म्हटलं.