बेळगावातील डायलिसिस विभाग: उपचार चोख, घरी पाठवताना मात्र मोठी उणीव

भातलावणी संपता संपता खानापूर तालुक्यातील आमच्या गावी वडिलांना लेप्टोस्पायरोसिसचा, म्हणजे दूषित पाण्यातून होणाऱ्या जंतुसंसर्गाचा, ताप आला, चौथ्या दिवशी लघवी जवळजवळ थांबली आणि आम्ही त्यांना बेळगावातील एका खासगी रुग्णालयात हलवले. तिथे क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडे मंदावली की रक्तात वाढणारे टाकाऊ द्रव्य, 6.8 आले. मानेतील शिरेत तात्पुरती नळी घालून पाच वेळा डायलिसिस झाले आणि अठराव्या दिवशी ते 1.6 क्रिएटिनिनवर घरी आले. हा अभिप्राय तेथील डायलिसिस विभागाविषयी आहे.

स्वच्छतेबाबत या विभागाला माझ्याकडून पूर्ण गुण. नळीची टोपणे उघडण्यापूर्वी सिस्टर स्वतः मास्क लावत, वडिलांनाही लावायला सांगत आणि जंतुनाशक सुकेपर्यंत, बाहेर कितीही रुग्ण खोळंबलेले असोत, पुढे हात घालत नसत. या नळीचे आतले टोक हृदयाजवळच्या मोठ्या शिरेत असते, त्यामुळे तोंडाशी राहिलेला जंतू थेट रक्तात जातो. वॉर्डातून एकदा याच नळीतून तपासणीसाठी रक्त काढण्याची सूचना आली, तेव्हा सिस्टरनी ठाम नकार दिला. लघवीची नळीही गरज संपली त्याच दिवशी काढली.

घरी पाठवताना मात्र ही दक्षता कुठे गेली, हे मला अजून उमगलेले नाही. डिस्चार्ज कार्ड इंग्रजीत होते, औषधांच्या वेळा कन्नडमध्ये होत्या आणि घरी शुश्रूषा करणाऱ्या माझ्या आईला केवळ मराठी वाचता येते. त्याहून गंभीर गोष्ट म्हणजे त्या कागदावर जंतुसंसर्गाविषयी एक ओळही नव्हती. मूत्रपिंडे अचानक निकामी होतात तेव्हा रक्तात साठलेल्या टाकाऊ द्रव्यांमुळे पांढऱ्या पेशींची जंतूंशी लढण्याची ताकद मंदावते, अन्न जात नसल्याने शरीर खंगते, आणि क्रिएटिनिन उतरले तरी पुढचे काही महिने संसर्गाचा धोका इतरांपेक्षा जास्त राहतो. आम्ही मात्र ‘किडनी सुधारली’ एवढेच ऐकून निर्धास्त झालो होतो.

घरी आल्यानंतर अकराव्या दिवशी वडिलांना थंडी वाजून ताप भरला. गावातील डॉक्टर डायक्लोफेनॅक या वेदनाशामकाचे इंजेक्शन भरत होते. नुकत्याच सावरलेल्या मूत्रपिंडांना ते घातक ठरू शकले असते. मी विभागाला फोन केला. रात्रीचे साडेनऊ वाजले होते, तरीही तंत्रज्ञांनी फोन उचलला, डॉक्टरांना विचारले आणि वेदनाशामक न देता लगेच निघून या असे सांगितले. लघवी कल्चरसाठी, म्हणजे कोणता जंतू आहे हे तपासायला, पाठवल्यावर, मूत्रपिंडांच्या क्षमतेनुसार मात्रा ठरवून अँटिबायोटिक सुरू झाले. मूत्रमार्गाचा संसर्ग रक्तात पसरण्याआधी आटोक्यात आला. तीन महिन्यांनी क्रिएटिनिन व लघवीतील प्रथिने तपासायची, फ्लू आणि न्यूमोनियाच्या लसींविषयी विचारायचे, हे आम्हाला या दुसऱ्या खेपेला कळले.

उपचारासाठी मी हा विभाग निःशंकपणे सुचवीन. तिथून निघण्यापूर्वी कोणत्या लक्षणांवर त्याच दिवशी परत यायचे आणि कोणती औषधे टाळायची, हे सिस्टरांकडून मराठीत लिहून घ्यावे. मागितल्यावर त्यांनी आम्हाला पाच मिनिटांत लिहून दिले. तो कागद आईने देव्हाऱ्याशेजारी चिकटवला आहे.