रिंग नवी, रडगाणं जुनंच: जेटबोटीच्या पंपाचे दीडशे तास

जेटबोटीच्या पंपातली वेअर रिंग (फिरणाऱ्या पात्यांभोवतीचं झिजणारं कडं) बदलावी की आणखी एक उन्हाळा ढकलावा, या प्रश्नावर मी अख्खं वर्ष घालवलं. शेवटी बदलली. बिल बघून बायको म्हणाली, "एवढ्यात सांगलीला जाऊन आलो असतो." तिचं चुकलं नव्हतं, म्हणून मी गप्प बसलो.

बोट जुनीच घेतलेली. ॲल्युमिनियमची हुल म्हणजे धड, मोडीत निघालेल्या गाडीतलं व्ही-8 इंजिन आणि मागे सिंगल-स्टेज जेट (तळातून पाणी ओढून मागे फेकणारा पंप, आत एकच इंपेलर म्हणजे पात्यांचं चाक). न्यूझीलंडमधल्या क्राइस्टचर्चला राहतो, त्यामुळे फिरणं बहुतेक वायमाकरीरीवर, सुट्टी मोठी असली तर रकायावर. या नद्या ज्यांनी पाहिल्यात त्यांना सांगायला नको: पात्र मैलभर रुंद, त्यात पाण्याच्या वेण्या, आणि कुठे कुठे पाणी घोट्याएवढं. म्हणूनच तर बिल हॅमिल्टन यांनी 1950 च्या दशकात इथेच, कॅन्टरबरीच्या नद्यांसाठी, बिनपंख्याची बोट बनवली. पंखा बाहेर नाही म्हणजे आपटायला काही नाही, हे खरं. पण तळातून पाणी ओढताना जेट गोटे, वाळू, सगळंच गिळतं. रकायाच्या उगमाला हिमनद्या आहेत. तिच्या पाण्यात दळलेला दगड इतका बारीक असतो की बादलीभर पाणी रात्रभर ठेवलं तर तळाला करडी साय बसते. ते पाणी तासन् तास इंपेलरच्या टोकांवरून जातं. पॉलिश पेपरच म्हणा.

तर झीज ओळखायची कशी? माझी पद्धत कंजूष माणसाची आहे: वही. बोट घेतली त्याच आठवड्यात एका सरळ पट्ट्यात फुल थ्रॉटल देऊन पाहिलं. प्रवाहाविरुद्ध एकदा, प्रवाहाबरोबर एकदा, आणि जीपीएसवरच्या दोन वेगांची सरासरी. 4300 आरपीएमला ताशी 62 किलोमीटर. 96 तासांनंतर तोच पट्टा, टाकीत तेवढंच पेट्रोल, तेवढीच माणसं: 4600 ला 53. इंजिन जास्त ओरडतंय आणि बोट कमी पळतेय, म्हणजे पाणी इंपेलरच्या टोकावरून मागच्या मागे निसटतंय. चार माणसं बसली की बोट पाण्यावर उचलायलाच तयार नाही, नुसता मागे फेस.

एक सांगून ठेवतो. असं एका दिवसात झालं तर सुट्या भागांना हात लावू नका. आधी पाणी आत येतं तिथली जाळी बघा. गोटा अडकला, शेवाळ गुंडाळलं किंवा वरच्या झाकणाचं सील हवा ओढायला लागलं, तरी लक्षणं हुबेहूब हीच. झीज महिन्यांनी कळते, गोटा मिनिटात.

माझं हळूहळू झालं होतं. बोट ट्रेलरवर घेतली, बॅटरीची वायर काढली (हे विसरू नका, बोटं परत मिळत नाहीत), झाकण उघडून फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) आत घातलं. पात्याचं टोक आणि रिंग यांच्यात दीड मिलिमीटरच्या वर फट, मॅन्युअलमधल्या हद्दीच्या कितीतरी पलीकडे. पात्यांच्या पुढच्या कडा गोटा चोखून टाकल्यासारख्या गोल. वर्कशॉपने इंपेलरच्या टोकांवर वेल्डिंग चढवून ते मापात घासलं, कडा काढल्या, नवी रिंग बसवली. नवा इंपेलर घ्यावा लागला नाही, याचंच मला कोण कौतुक. पाण्यात उतरवली: 4350 ला 61. त्या दिवशी मुलाला सुकाणू दिलं, यावरून समजा.

वरचं सगळं डिसेंबरात लिहून ठेवलं होतं. "रिंग बदला, सुखी व्हा" असा शेवटही केला होता. कुठे टाकलं नाही ते बरं झालं.

मार्चमध्ये, रिंगला जेमतेम 22 तास झाले असताना, आकडा आला 4500 ला 56. शिवाय इंजिन नुसतं चालू ठेवलं की मागून खरखर, डब्यात चार खडे घालून हलवल्यासारखी. वर्कशॉपला फोन केला. म्हणाले, तू उथळ पाण्यात फार घालतोस. अहो, उथळ पाण्यात घालायची म्हणूनच तर जेट घेतलं! फुकट बघायलाही तयार नाहीत.

त्या रविवारी गावाकडच्या आप्पांशी बोलताना सहज विषय निघाला. आप्पांचं जेटबोटीचं ज्ञान म्हणजे 1977 साली एव्हरेस्टवीर हिलरी अशाच बोटी घेऊन गंगासागरहून गंगेवर चढत गेले, तेव्हा पेपरात आलेला फोटो. पण कृष्णेवरच्या मोटारीवर त्यांनी चाळीस वर्षं ऊस भिजवलाय. सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं:

"शाफ्ट हलवून बघितलास का?"

"नाही."

"मग बुश गेलं आसंल. बुश न बदलता इंपेलर बसवलास व्हय? पैसं लई झाल्यात."

झाकण पुन्हा उघडलं. या वेळी एकच पातं धरून ते घड्याळाच्या बारा, तीन, सहा आणि नऊवर फिरवत प्रत्येक ठिकाणी फट मोजली. पहिल्यांदा मी एकाच जागी मोजली होती, तिथेच फसलो. बाराला दीड मिलिमीटर, सहाला गेजची 0.2 ची पट्टीही अडकत होती. म्हणजे शाफ्ट खाली बसला होता. हात घालून वर उचलला तर टक् करून उचलला जातोय, सोडला की टक् करून खाली. मागचं पाण्यावर चालणारं रबरी बेअरिंग, म्हणजे आप्पांचं बुश, संपलेलं. त्यामुळे इंपेलर माझ्या नव्याकोऱ्या रिंगचा तळ रोज थोडा थोडा कातरत होता. रिंगमध्ये सहाच्या जागी बोटाला लागेल अशी खाच. मिक्सरच्या भांड्याचं बुश गेलं की पातं डगडगतं आणि आपण नवं पातं आणतो, तसला हा शहाणपणा. (सगळ्या जागी फट सारखी असेल तर रिंग-इंपेलरची नुसती झीज. एकाच पात्याला सगळीकडे जास्त असेल तर ते पातं गोट्याने तुटलंय. जागेप्रमाणे बदलत असेल तर आधी बेअरिंग. हे मला बिल भरल्यावर कळलं, तुम्हाला फुकट.)

बेअरिंगचा तुकडा रिंगच्या मानाने चिल्लर किमतीचा. शाफ्टवरची स्लीव्ह (वरून चढवलेली नळी) पण खरवडली होती, तीही बदलली. आणि रिंग? दुसऱ्यांदा. वर्कशॉपने पहिल्या वेळी शाफ्ट हलवून बघितला असता तर दहा सेकंद लागले असते. त्यांच्या बिलात "पंप तपासणी" अशी एक ओळ आहे, त्या ओळीचे पैसे परत मागितलेत. दोन मेल झाले, उत्तर नाही.

आता या दुसऱ्या रिंगला 31 तास झालेत. गेल्या शनिवारी 4350 ला 60. दर दहा तासांनी झाकण उघडतो, चारही जागी मोजतो, शाफ्ट उचलून बघतो. बायको म्हणते, गाडीचं तेल तरी एवढ्या वेळा बघतोस का. आप्पांनी जुनी रिंग मागवलीय, कुरिअरने. कशाला हवी म्हणून विचारलं तर म्हणाले, गावात मोटारी बांधणाऱ्याला दाखवायचीय.