नायट्रससाठी निवडलेला कॅमशाफ्ट: काही महिन्यांच्या वापरानंतर

टेक्सासमध्ये हौसेने ड्रॅग स्ट्रिपवर (सरळ रेषेतल्या छोट्या शर्यतीच्या पट्टीवर) धावणाऱ्या माझ्या कॅमेरोमध्ये शेव्हरोलेचे 350 घनइंची, म्हणजे 5.7 लिटरचे स्मॉल ब्लॉक इंजिन असून त्यावर 150 अश्वशक्तीची भर घालणारा वेट प्लेट नायट्रस संच आहे, म्हणजे बाटलीतला नायट्रस ऑक्साइड जादा इंधनासह इंजिनात सोडणारी व्यवस्था. गाडी घेतली तेव्हा इंजिनात 230/230 अंश ड्युरेशनचा (हवा-इंधन आत घेणारा इनटेक आणि जळालेला वायू बाहेर सोडणारा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह किती अंश उघडा राहतो ते) आणि 108 अंश लोब सेपरेशनचा (त्या दोघांना उघडणाऱ्या उंचवट्यांच्या मध्यांमधला कोन) कॅम, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा-मिटणारा कॅमशाफ्ट, होता; आता 230/242 अंशांचा, 114 अंश सेपरेशनचा हायड्रॉलिक रोलर कॅम आहे.

इनटेकचे ड्युरेशन मी मुद्दामच वाढवले नाही. हवेत वजनाने सुमारे 23 टक्के ऑक्सिजन असतो, तर नायट्रस ऑक्साइडमध्ये सुमारे 36 टक्के. त्यामुळे आत घेण्याचे बरेचसे काम बाटलीच करते. खरी अडचण होते ती जळून वाढलेला वायू वेळेत बाहेर काढण्याची. जुन्या कॅमचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह बॉटम डेड सेंटरच्या (पिस्टनच्या सर्वांत खालच्या स्थितीच्या) 47 अंश आधी उघडत असे, नवा 59 अंश आधी उघडतो. या 12 अंशांत सिलिंडरमधला दाब बराच उतरतो आणि वर येणाऱ्या पिस्टनला तो वायू ढकलण्यात कमी शक्ती घालवावी लागते. शिवाय 0.050 इंच लिफ्टवर (उचलीवर) मोजलेला ओव्हरलॅप, म्हणजे दोन्ही व्हॉल्व्ह एकदम उघडे राहण्याचा काळ, 14 वरून 8 अंशांवर आल्यामुळे ताजे मिश्रण न जळताच एक्झॉस्टमधून निसटण्याचे प्रमाणही घटते.

स्ट्रिपवर हा फरक शर्यतीच्या उत्तरार्धात स्पष्ट जाणवतो. पूर्वी वरच्या आरपीएमला इंजिनाचा जोर मंदावत असे. आता गिअर बदलेपर्यंत ओढ टिकून राहते, आणि माझ्या मते नायट्रस कॅमची खरी कसोटी इथेच लागते. आयडल (गाडी उभी असतानाची इंजिनाची चाल) स्थिर झाले असून ब्रेकच्या बूस्टरला पुरेसा व्हॅक्यूम मिळतो, हाही दैनंदिन वापरातला मोठाच लाभ आहे.

मात्र बाटली बंद असताना याची किंमत मोजावी लागते. एक्झॉस्ट लवकर उघडल्याने पॉवर स्ट्रोकचा शेवटचा भाग वाया जातो, आणि इनटेक बॉटम डेड सेंटरनंतर 39 ऐवजी 45 अंशांनी बंद होत असल्याने कमी आरपीएमला दाबही थोडा कमी भरतो. सिग्नलवरून निघताना गाडी पूर्वीपेक्षा सुस्त वाटते. म्हणूनच 100 अश्वशक्तीपर्यंतचा शॉट (नायट्रसची मात्रा) अधूनमधून वापरणाऱ्यांना केवळ त्यासाठी कॅम बदलण्याचा सल्ला मी देणार नाही.

इग्निशन टायमिंगच्या (ठिणगी पडण्याच्या वेळेच्या) बाबतीत कॅममुळे कोणतीही सूट मिळत नाही: दर 50 अश्वशक्तीला साधारण 2 अंश या हिशेबाने मी आजही ठिणगी 6 अंश उशिरा पाडतो आणि प्रत्येक धावेनंतर स्पार्क प्लग तपासतो. आता एक्झॉस्टकडचा अडथळा हेडरमध्ये, म्हणजे इंजिनातून जळका वायू बाहेर नेणाऱ्या नळ्यांमध्ये, उरला आहे. 1⅝ इंची नळ्यांच्या जागी 1¾ इंची नळ्यांचे हेडर मागवले आहेत.