घरगुती बिअरचा स्टँड: वेल्डिंगचा, नट-बोल्टचा की स्टेनलेसचा?

अमेरिकेत १९७८च्या कायद्यानं घरापुरती बिअर करायला मोकळीक मिळाली. महाराष्ट्रात ती परवान्याशिवाय करता येत नाही. त्यामुळे बिअरची पातेली गॅसच्या बर्नरवर धरणाऱ्या स्टँडची ही तुलना तिकडच्या गॅरेजसाठी आहे आणि मापंही तिकडच्या दुकानांत मिळतात तीच आहेत.

४० लिटरची तीन पातेली काठोकाठ भरली, तर बर्नर धरून वजन १४० किलोच्या आसपास जातं. आकडा मोठा वाटतो, पण लोखंडाला तो जड नाही. दीड इंची, ११ गेजच्या (३ मिमी) चौकोनी पाइपच्या दोन आडव्या पट्ट्यांवर, पायांमध्ये १.२ मीटर अंतर ठेवून हे वजन पसरलं, तर पट्टी मिलिमीटरभरही वाकत नाही. म्हणून निवड वजनावरून करू नका. बर्नरजवळची उष्णता कोण सोसतं, ते पाहा.

वेल्डिंग केलेला काळ्या (जस्त न चढवलेल्या) लोखंडाचा पाइप सगळ्यांत भरवशाचा. ४०० अंश सेल्सिअसपर्यंत त्याची ताकद फारशी ढळत नाही. ६०० अंशांना ती निम्म्यावर येते. आधी चारही कोपऱ्यांना नुसते टॅक (वेल्डचे छोटे ठिपके) मारा, कर्ण मोजा आणि दोन्ही सारखे आले तरच पूर्ण वेल्ड करा, तेही समोरासमोरचे कोपरे आलटूनपालटून. एकाच बाजूनं वेल्ड मारत गेलात तर चौकट पिळते आणि चार पायांतला एक अधांतरी राहतो. दोन्ही टोकं बंद झालेल्या प्रत्येक पाइपला खालच्या बाजूनं ५ मिमीचं भोक पाडा. आत अडकलेल्या पाण्याची वाफ झाली तर पाइप फुटू शकतो. साधा ऑइलपेंट बर्नरजवळ जळून धूर करतो, तिथे ६०० अंशांपर्यंत टिकणारा सिलिकॉनचा रंगच हवा.

भाड्याच्या घरात राहणाऱ्यांसाठी स्ट्रट चॅनेल (नट-बोल्टनं जोडायची, जस्त चढवलेली लोखंडी पन्हाळी पट्टी) उत्तम: १ ५/८ इंची, १२ गेज, अर्ध्या इंची बोल्ट. करवत आणि पाना पुरतो, घर बदलताना सगळं सुटं होतं, पातेलं बदललं तर पट्टी सरकवता येते. अडचण त्यावरच्या जस्ताची आहे. २०० अंशांच्या पुढे सतत तापलं की थर सुटू लागतो आणि ४१९ अंशांना जस्त वितळतं. उपाय सोपा आहे: सांगाडा स्ट्रटचा ठेवा, पण पातेलं ज्यावर टेकतं त्या दोन पट्ट्या काळ्या अँगलच्या (दीड इंची, ३/१६ इंच जाडीच्या) बसवा आणि ज्योत व स्ट्रट यांच्यामध्ये पत्र्याचा आडोसा द्या. नायलॉनची रिंग असलेले नट इथे चालत नाहीत, उष्णतेनं रिंग मऊ पडून पकड जाते. पूर्ण धातूचे लॉकनट घ्या आणि पहिल्या दोन-तीन उकळ्यांनंतर, स्टँड गार झाल्यावर, पुन्हा आवळा. जस्त चढवलेल्या चॅनेलला वेल्डिंग मात्र अजिबात करू नका. त्या धुरानं थंडी वाजून ताप येतो.

स्टेनलेस ३०४ दिसतं सुंदर आणि ओल्या गॅरेजमध्ये गंजत नाही. पण ते साध्या लोखंडापेक्षा बरंच महाग पडतं. तापल्यावर सुमारे दीडपट प्रसरण पावतं आणि उष्णता पसरू देत नाही, म्हणून वेल्डिंगमध्ये जास्त वाकतं. हात बसलेला वेल्डर नसेल तर या वाटेला जाऊ नये. ॲल्युमिनियमचा तर विचारच सोडा, दीडशे-दोनशे अंशांतच त्याची ताकद घटू लागते.

यांतलं काहीही निवडलंत तरी उच्च दाबाच्या बर्नरपासून पातेल्याच्या बुडापर्यंत चार-पाच इंच मोकळे ठेवा. अंतर कमी पडलं की हवा अडते, ज्योत पिवळी होते, बुडाला काजळी धरते आणि कार्बन मोनॉक्साइड वाढतो. गॅरेजचं दार पूर्ण उघडं असल्याशिवाय पेटवूच नका.

चाकं लावणार असाल तर क्षमता मोजताना एकूण वजनाला चारऐवजी तीननं भागा, कारण खडबडीत जमिनीवर भार तीनच चाकांवर येतो. १४० किलो आणि वर स्टँडचं स्वतःचं वजन धरून प्रत्येक चाक किमान ७५ किलोचं, ब्रेकवालं घ्या, आणि पातेली भरलेली असताना स्टँड ढकलू नका.