हाँगकाँगची सुकी मासळी: आठ महिन्यांच्या वापरानंतर

माहेर मालवणचं, त्यामुळे सुक्या मासळीतलं मला कोण काय शिकवणार, अशा तोऱ्यात इथल्या शंग वान भागातल्या सुक्या मासळीच्या बाजारातून पहिली दाय-देय-यू आणली. आपल्या लेप माशासारखा चपटा, वाळून लाकूड झालेला मासा. बोंबलासारखा भिजवला, कालवण केलं. नुसते काटे, आणि रश्श्याला हिवसाण वास. सगळं फेकलं.

शेजारच्या पोपो (इथे आजीबाईंना असंच म्हणतात) पोट धरून हसल्या. हा मासा खायचा नसतो, चवीला घालायचा असतो. आधी मंद आचेवर कडा तपकिरी होईपर्यंत भाजायचा. खमंग वास सुटला की काटा काढून कुटायचा. वॉनटनच्या (पातळ पारीत सारण भरलेल्या पुरचुंड्यांच्या) सूपात डुकराच्या हाडांसोबत हाच उकळतो, सारणातही त्याची चिमूटभर पूड जाते. एकदा भाजताना फोनवर बोलत बसले, मासा करपला आणि पातेलंभर सूप कडू झालं. तेव्हापासून गॅससमोरून हलत नाही.

दुसरी वस्तू हाम-यू, म्हणजे खारा मासा. मी त्यातला मुय-हंग प्रकार घेते. यात मासा मिठात घालण्याआधी थोडा मुरू देतात, म्हणून मांस मऊ, भुसभुशीत आणि वास जबरदस्त. लगेच खारवलेला घट्ट मासाही मिळतो, पण मला तो नुसता खारट लागला. उत्तम हाम-यू मा-याउची, म्हणजे आपल्या रावसाची! रावस ताजा सोडून खारवतात हे पचायला मला महिना लागला. डुकराच्या खिम्याच्या थापीवर अंगठ्याएवढा तुकडा आणि आल्याच्या काड्या ठेवून वाफवायचं. झाकण काढलं की थापीभोवती तेलकट, खारट रस साठलेला असतो. तो भातावर ओतला की दुसरं काही लागत नाही. चिकन घालून परतलेल्या भातातही छान, पण तिथे तुकडे आधी तळून घ्या.

आता तक्रारी. एवढ्याशा फ्लॅटमध्ये वास दोन दिवस जात नाही. वसंतात इथे भिंतींना घाम फुटतो, त्यात बाहेर ठेवलेल्या पुडीला बुरशी आली. आता सगळं फ्रीझरमध्ये. आणि मुख्य म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने चिनी पद्धतीचा खारा मासा कर्करोगकारक पदार्थांच्या पहिल्या, म्हणजे पुरावा पक्का असलेल्या, गटात ठेवलाय. नाकामागच्या घशाचा कर्करोग. म्हणून आमच्याकडे हाम-यू महिन्यातून एकदा, आणि लेकीला अजिबात नाही.

दाय-देय-यूची पूड मात्र संपत आलीये. रविवारी पुन्हा शंग वान, पण हवा दमट आहे, दोनच मासे आणीन.