वाडा हवा की गड? उत्तर जर्मनीतल्या चार जागा

उन्हाळ्यात पुण्याहून, साताऱ्याहून आई-बाबा यायचे असले की हॅनोव्हर-हॅम्बुर्गकडच्या मराठी घरांत एक प्रश्न हमखास निघतो: "एखादा किल्ला दाखवू या ना?" मग श्वेरीन नाहीतर वेर्निगेरोडे ठरतं. फोटो सुरेख येतात, सगळे खूश होतात. माझे बाबा तेवढे श्वेरीनच्या तळ्याकाठी उभे राहून म्हणाले, "छान आहे. पण हा राजवाडा झाला. किल्ला कुठाय?"

त्यांचं बरोबर होतं. जर्मनमध्ये दोन शब्द आहेत, 'श्लॉस' आणि 'बुर्ग'. आपण दोन्हींना किल्ला म्हणून मोकळे होतो, पण श्लॉस म्हणजे वाडा किंवा राजवाडा, आणि बुर्ग म्हणजे तटबंदीचा, लढायचा किल्ला. श्वेरीनचं श्लॉस आज दिसतं तसं बांधलं गेलं १८४५ ते १८५७ या काळात, आणि आत आता राज्याची विधानसभा भरते. हॅनोव्हरजवळच्या मारिएनबुर्गच्या नावात 'बुर्ग' असलं तरी हॅनोव्हरचा राजा पाचवा जॉर्ज याने राणीसाठी ते १८५८ मध्ये बांधायला घेतलं. म्हणजे आपल्याकडे बोरीबंदर-ठाणे रेल्वे सुरू होऊन पाच वर्षं झाली होती. मध्ययुग बघायला निघून एकोणिसाव्या शतकातली हौस बघून परतायचं नसेल, तर जागा निवडून घ्यावी लागते. आणि उत्तरेत निवडीला फारसा वावही नाही.

कारण साधं आहे. हा प्रदेश सपाट, दगड दुर्मीळ. डोंगर नाही म्हणून किल्ले दलदलीत, पाण्याचे खंदक खणून मध्ये उभे केले. दगड नाही म्हणून देवळं आणि मठ भाजक्या विटांचे बांधले. सत्ता गेली की गावकऱ्यांनी नाहीतर पुढच्या सैन्याने विटा काढून नेल्या. ऱ्हाइनकाठी वळणावळणाला जसे पडके किल्ले दिसतात तसे इथे दिसत नाहीत, ते यामुळे.

एक गंमत आहे. याकोब फान राउसडाल या डच चित्रकाराने बेंटहाइमचा किल्ला पुन्हापुन्हा रंगवला. १६५३ सालचं त्याचं प्रसिद्ध चित्र डब्लिनला आहे, त्यात किल्ला झाडीने भरलेल्या उंच डोंगराच्या माथ्यावर दिसतो. प्रत्यक्षात ती टेकडी आहे. जवळजवळ दोनशे वर्षांनी कास्पार दाविद फ्रीडरिश या जर्मन चित्रकाराने एल्डेनाचा पडका मठ रंगवताना तो चक्क उचलून रीझनगेबिर्गे या डोंगररांगेच्या पायथ्याशी नेऊन ठेवला. खरा एल्डेना समुद्राच्या काठी, अगदी सपाटीवर आहे. दोघांनाही उत्तरेत उंची कमी पडली आणि दोघांनीही ती उसनी आणली. पर्यटनाची पोस्टरं अजून तेच करतात. तेव्हा उंची डोक्यातून काढून टाका आणि मग पुढचं वाचा. अपवाद एकच, त्याच्याकडे येतोच.

बाड बेंटहाइम आणि रेगेनश्टाइन या दोन्ही जागा खरोखरच बुर्ग आहेत, पण स्वभावाने अगदी उलट.

बेंटहाइम नेदरलँड्सच्या सीमेला लागून आहे. किल्ला शाबूत आहे, आणि जुन्या सरदार घराण्याच्या ताब्यातही आहे. तट, दरवाजा, अंगण, चौकोनी 'पुल्फरटुर्म' म्हणजे दारूगोळ्याचा बुरूज, सगळं जागच्या जागी. बुरुजावर चढलं की सपाट शेतं, पवनचक्क्या आणि लांबवर हॉलंड. हा सगळा किल्ला इथल्याच वालुकाश्माचा, आणि हाच पिवळसर दगड अ‍ॅम्स्टरडॅमच्या दाम चौकातल्या राजवाड्यालाही गेला. अंगणात ख्रिस्ताचं एक जुनं दगडी क्रूस आहे, इथले लोक त्याला 'बेंटहाइमचा देवबाप्पा' म्हणावं अशा जवळिकीने 'हेरगॉट फॉन बेंटहाइम' म्हणतात. वेदना नाही, रक्त नाही. हात पसरून सरळ समोर बघणारी मूर्ती. ती पाहून माझ्या आईने नकळत हात जोडले. आतली निवासी बाजू, क्रोनेनबुर्ग, मात्र एकोणिसाव्या शतकात बरीच नव्याने सजवलेली आहे. तिथे थोडं पुन्हा श्लॉस वाटायला लागतं. तिथला वेळ वाचवून बुरुजावर घालवा.

रेगेनश्टाइनला शाबूत असं काही नाही. हार्त्स डोंगररांगेच्या उत्तर पायथ्याशी, ब्लांकेनबुर्ग गावाबाहेर, वालुकाश्माचा एक कडा मैदानातून एकदम वर उठतो. मघाशी म्हटलेला अपवाद हाच. समुद्रसपाटीपासून उंची जेमतेम तीनशे मीटर, पण उत्तरेची बाजू अशी तुटलेली आहे की कठड्याशी उभं राहिलं की पोटात गोळा येतो. बांधलेलं जवळजवळ सगळं गेलंय, कोरलेलं उरलंय. दालनं, कोठारं, पायऱ्या, भिंतीतल्या खोबण्या, तुळया बसवायची भोकं, सगळं सरळ खडकात. लेणी बघत वाढलेल्या माणसाला इथे काही समजावून सांगावं लागत नाही. फरक दगडाचा आहे. आपला बेसाल्ट छिन्नीला सहजी दाद देत नाही, हा दगड इतका मऊ की नखाने खरवडला तर वाळू हातात येते. एका दालनात मी टॉर्च भिंतीला अगदी चिकटवून तिरका धरला, तेव्हा टाकीचे घाव ओळीने उठून दिसले, एकाच कलाचे. कोरणारा माणूस उजव्या हाताचा असावा. त्या घावांच्या वरच, त्यांच्याहून खोल, गेल्या दोनशे वर्षांत येऊन गेलेल्यांची नावं. आपल्या गडांवरचा 'अमुक लव्ह तमुक' हा प्रकार जागतिक आहे, याचा तेवढाच दिलासा.

इथल्या सरदारांची गोष्टही आपल्याला ओळखीची वाटते. रेगेनश्टाइनचा काउंट दुसरा आल्ब्रेश्ट हाल्बरश्टाटच्या बिशपशी आणि क्वेडलिनबुर्गच्या नागरिकांशी चौदाव्या शतकात भांडत राहिला. शेवटी नागरिकांनी त्याला धरून लाकडी पेटीत कोंडून ठेवलं, अशी दंतकथा आहे. पेटी क्वेडलिनबुर्गला दाखवतात. खरी किती यावर वाद घालायला मजा येते. घराणं १५९९ मध्ये संपलं. सतराव्या शतकात ब्रांडेनबुर्ग-प्रशियाने इथे मोठा कोट बांधला, १७५७ मध्ये फ्रेंचांनी तो घेतला, आणि पुढच्याच वर्षी परत मिळाल्यावर प्रशियनांनी स्वतःच तो पाडला. पुन्हा कुणाच्या हाती पडायला नको म्हणून. आज चालताना झाडीत जे मोठे चौथरे आणि ढासळलेले तट दिसतात ते या कोटाचे, मध्ययुगातले नाहीत. बरेच लोक त्यांच्यासमोरच फोटो काढून खऱ्या जुन्या दालनांकडे वळायचं विसरतात.

दोघांत निवड करायची तर असं बघा. किल्ल्यात लोक कसे राहत होते हे लहान मुलांना दाखवायचं असेल, तर बेंटहाइम: दरवाजातून आत शिरणं, अंगण, बुरूज, अंधारकोठडी अशी गोष्ट क्रमाने उलगडते. स्वतः गडावर भटकलेले असाल तर रेगेनश्टाइन, दुसरा विचारच नको. पण पाच-सहा वर्षांचं मूल बरोबर असेल तर तिथे हात सोडू नका. कठडे आहेत, तरी मोकळे उतारही भरपूर आहेत आणि दगडावरची वाळू बुटाखालून सरकते. गुडघे दुखणाऱ्यांना रेगेनश्टाइन नको.

गुडघे दुखणाऱ्यांसाठी मठ बरे. किल्ला बघायला निघालेल्या माणसाला मठ म्हणजे दुय्यम वाटतो, मलाही वाटायचा. पण उत्तरेतलं खरं भव्य मध्ययुग भिक्षूंनी बांधलेलं आहे, सरदारांनी नाही.

वाल्केनरीड हार्त्सच्या दक्षिणेला, आणि मठाची स्थापना ११२७ सालची. सिस्टर्शियन पंथाचे हे भिक्षू मौन पाळत, अंगमेहनत करत, आणि धंद्यातही पक्के होते: तळी, कालवे, शेती आणि हार्त्सच्या खाणींमधला वाटा. हार्त्सच्या जुन्या जलव्यवस्थेबरोबर हा मठ २०१० पासून जागतिक वारसा यादीत आहे. १५२५ च्या शेतकरी उठावात चर्चची नासधूस झाली, नंतर लोकांनी त्याचा दगडखाणीसारखा वापर केला. त्यामुळे आज चर्चच्या भिंतींचे दोन-तीन प्रचंड तुकडे गवतात एकमेकांपासून लांब उभे आहेत, आणि मधली जागा डोळ्यांनी भरून काढावी लागते. बाजूचा मठ मात्र टिकला. तिथल्या ओवऱ्यांची उत्तरेकडची बाजू दुहेरी आहे, मधून खांबांची रांग आणि दोन्हीकडे कमानी. भर जुलैत आत शिरलो तरी अंगावर शहारा आला. जॅकेट गाडीत ठेवू नका. भिक्षूंची सभेची खोली आज गावचं चर्च आहे. संग्रहालय चांगलं आहे, पण सगळं वाचत बसलात तर दोन तास जातात आणि घरचे कंटाळतात.

एल्डेना याच्या उलट. बाल्टिक समुद्राजवळ ग्राइफ्सवाल्ड शहराच्या कडेला, ११९९ साली स्थापन झालेला, तोही सिस्टर्शियनांचाच, पण विटांचा. सतराव्या शतकात स्वीडिश राजवटीत इथल्या विटा तटबंदीच्या कामाला गेल्या. उरली पश्चिमेची उंच भिंत, तिच्यातली रिकामी खिडकी, आणि थोड्या कमानी. संग्रहालय नाही, तिकीट नाही, बागेत शिरावं तसं शिरायचं. बघून व्हायला वीस मिनिटं पुरतात. मग तिथे बसून राहायचं असतं, विशेषतः संध्याकाळी, विटा तांबड्या व्हायला लागल्या की. फ्रीडरिशचा जन्म १७७४ मध्ये याच ग्राइफ्सवाल्डमधला. त्याचं डोंगर चिकटवलेलं एल्डेनाचं चित्र शहरातल्या पोमेरानियन संग्रहालयात आहे. आधी चित्र, मग अवशेष, असा क्रम लावलात तर वीस मिनिटांचा तासभर होतो.

खरं सांगायचं तर फक्त एल्डेनासाठी हॅनोव्हरहून जाणं परवडत नाही. बाल्टिकला, रुगेनला सुट्टीवर निघालाच असाल तर वाटेत थांबा. बर्लिनहून श्ट्रालझुंडला जाणारी प्रादेशिक गाडी ग्राइफ्सवाल्डला थांबते, तिथून शहरबसने किंवा रिक नदीच्या काठाने पायी. चालत गेलात तर वाटेवर वीक नावाचं कोळीगाव लागतं. तिथला लाकडी उचलपूल १८८७ सालचा आहे. फिशब्रोटशेन, म्हणजे पावात खारवलेली हेरिंग आणि कच्चा कांदा, मला तिथे भयंकर आवडलं. आईने बटाट्याच्या पोमेसवर भागवलं. शाकाहारी घरांनी डबा न्यावा, हे चारही ठिकाणांना लागू.

जाण्यायेण्यात बेंटहाइम सगळ्यांत सोपं. बर्लिन-अ‍ॅम्स्टरडॅम गाडी हॅनोव्हरहून जाते आणि बाड बेंटहाइमला थांबते. स्टेशनपासून किल्ला पायी. फक्त ती लांब पल्ल्याची गाडी आहे, तिला डॉइचलांड-टिकीट, म्हणजे प्रादेशिक गाड्यांचा मासिक पास, चालत नाही. ते वापरायचं तर ओस्नाब्र्युकमार्गे प्रादेशिक गाड्या आहेत, वेळ जास्त जातो. वाल्केनरीडला नोर्टहाइम-नोर्डहाउसेन मार्गावर स्वतःचं स्टेशन आहे आणि तिथून मठ चालत जाण्याइतका जवळ, म्हणजे ग्योटिंगेनकडच्यांना घरच्यासारखं. रेगेनश्टाइनला हाल्बरश्टाटला गाडी बदलून ब्लांकेनबुर्ग, आणि तिथून सुमारे तीन किलोमीटर चढण.

त्या तीन किलोमीटरनी आम्हाला एकदा चांगलाच धडा दिला. रविवार होता, बस मिळेल या भरवशावर बाबांना घेऊन निघालो. थांब्यावर लावलेल्या वेळापत्रकात रविवारच्या रकान्यात नुसत्या रेघा. टॅक्सीसाठी दोन फोन केले, दोन्हीकडे वाजत राहिलं. शेवटी चाललो. बाबा बहात्तर वर्षांचे, वाटेत तीनदा बसले, आणि वर पोचल्यावर मात्र पहिल्या कोरीव दालनात शिरून भिंतीवर हात फिरवत म्हणाले, "हां. हा किल्ला." गुडघ्यांबद्दल मी वर जे लिहिलं ते त्यांच्या मते चूक आहे. मी तरी लिहिलेलं बदलत नाही. दुसऱ्या दिवशी त्यांना जिना उतरवत नव्हता.

पाऊस असेल तर रेगेनश्टाइन आणि एल्डेना दोन्ही बाद, वाल्केनरीड उत्तम: छत आहे आणि ओल्या हवेत त्या कमानी जास्तच शोभतात. सोमवारी जर्मनीतली बरीच संग्रहालयं बंद असतात आणि हिवाळ्यात वेळा आखडतात, म्हणून निघण्याआधी त्या-त्या ठिकाणची साइट बघून घ्या. मारिएनबुर्ग तरीही बघायचंच असेल, तर मोठ्या दुरुस्तीमुळे आत सोडतात की नाही हे आधी विचारा.

एकच दिवस असेल, गाडी असेल आणि सगळे धडधाकट असतील, तर सकाळी लवकर रेगेनश्टाइन आणि दुपारी हार्त्स ओलांडून वाल्केनरीड हे एका दिवसात बसतं. उलटा क्रम लावू नका. कोरीव दालनं अंधारी आहेत, आणि संध्याकाळी थकून पोचलात तर टॉर्च तिरका धरून बघायचा धीर राहत नाही. टॉर्च मोबाइलचाही चालतो, फक्त चार्ज करून न्या.